बाबांचा निरोप, माझ्या अक्षरात

कुरखेडा
५ मार्च २०२५

धनराजभाऊ,

नमस्कार. पत्रात लिहायचा असतो म्हणून लिहिला.

तुझा नंबर मी मागच्या वर्षीच ब्लॉक केला आणि तो तसाच राहणार आहे, म्हणून हे कागदावर. इकडे ठीक. उन्हाळी धानाची लावणी आटोपली. पळस फुलला आहे, मोहाची पानं गळून राह्यली. बाबांची तब्येत बरी आहे. कशी बरी, ते पुढे.

तुमच्या पक्षिमित्र मंडळाची पत्रिका परवा मिळाली. कागद भारी आहे. 'वसंत पक्षी निरीक्षण, कुरखेडा परिसर. उद्घाटक: ज्येष्ठ पक्षिमित्र मुखरू गुरुजी.' वर बाबांचा फोटो, दोन्ही डोळे शाबूत असलेला. तो फोटो तूच निवडला असशील.

चंद्रपुरात तू काय सांगत फिरतोस ते माझ्यापर्यंत येतं. 'बाबा मोहफुलं वेचायला गेले आणि अस्वलानं धरलं.' ऐकणारे हळहळतात. तुला चहा पाजतात. म्हणून काय झालं ते एकदा तुझ्यासमोर मांडते. तुला माहीत आहे, पण कोणालातरी माहीत आहे हेही तुला कळू दे.

मागच्या फाल्गुनात तुझं मंडळ आलं तेव्हा बाबांनीच तुम्हाला तळ्यामागच्या कुसुमाच्या झाडावरची धनेशाची ढोली दाखवली. लांबून. मादी आत बसून दार लिंपून घेते, पिल्लं मोठी होईस्तोवर नर तिला फटीतून चारतो, हे त्यांनी किती हौसेनं सांगितलं! मीही होते तिथे. बाकीचे निघाले, आणि तू नागपूरच्या दोघा पाहुण्यांना घेऊन परत झाडाखाली गेलास. समोरच्या फांद्या तोडल्या. मोबाइलवर धनेशाचा आवाज लावला. नर वेड्यासारखा या झाडावरून त्या झाडावर उडत होता, चोचीतलं फळ तसंच.

बाबा मध्ये जाऊन उभे राहिले.

"बंद कर गा ते. तिचं खाणं बंद पडन."

"बाबा, बाजूला व्हा. पाहुणे नागपूरवरून आले आहेत."

"आले असन. तिनं काऊन उपाशी राहाचं?"

तेव्हा तू त्या दोघांकडे पाहून हसलास. "म्हातारपण आलं की असं होते," म्हणालास. "बाबा, घरी जाऊन बसा आता." आणि त्यांचा दंड धरून त्यांना बाजूला केलंस. ढकललं नाहीस, असं तू म्हणशील. मी पाहिलं आहे.

फोटो फेसबुकवर टाकलास, गावाच्या नावासकट, तळ्याच्या नावासकट. पुढल्याच आठवड्यात गाड्या यायला लागल्या. बाबा रोज पहाटे झाडाखाली जाऊन बसत आणि येणाऱ्याला हात जोडून परत पाठवत. मी म्हटलं, नका जाऊ, मोह गळून राह्यला, अस्वलं हिंडतात. ते म्हणाले, "आपल्या पोरानं लावलेला विस्तव आपणच इझवावा लागते."

एका पहाटे तिथेच, झाडाखाली, अस्वलीनं त्यांना धरलं; तिच्याजवळ पिल्लू होतं. गावातली ठमाबाई जवळच मोह वेचत होती, तिनं डबा बडवून, ओरडून अस्वलीला पळवलं. नंतर ती मला म्हणाली, "गुरुजीजवळ टोपली नव्हती, काई नव्हतं. ते नुसते बसून होते वो बाई." पण दवाखान्यात वनखात्याचा माणूस आला तेव्हा अख्खं तोंड पट्ट्यांत असलेले बाबा काय बोलले? "मोहा वेचायले गेलतो." तुझं, तुझ्या मंडळाचं नाव येऊ नये म्हणून. तू पलंगाच्या पायथ्याशी उभा होतास, भाऊ. ऐकलंस. मान खाली घातलीस. आणि बाहेर जाऊन तेच सगळ्यांना सांगितलंस.

एक डोळा तेव्हाच गेला. दुसरा आता जाऊन राह्यला. उजेड कळतो, माणूस कळत नाही. हे तुला कोणी सांगितलं नसेल, कारण तू विचारलं नाहीस. आणि त्या ढोलीतली मादी दार फोडून बाहेर पडली. अंडी तशीच राहिली.

यंदा धनेश परत आले आहेत. तीच जोडी की दुसरी, देव जाणे. बाबांनी अंगणातून आवाज ओळखला. मी त्यांना हात धरून तळ्यावर नेते. वर्षभर मी पक्ष्यांची पुस्तकं वाचते आहे, दुर्बीण घेतली आहे. ते विचारतात, मी सांगते. मागच्या रविवारी मी म्हटलं, "बाबा, धनेश आला, ढोलीजवळ बसला." त्यांनी कान दिला. मग म्हणाले, "घार असन माय. धनेश उडताना पंख वाजते. हे वाजलं नाई." मग हळूच, "धनराज असता त सांगतला असता. त्याच्यासारखी नजर नाई कोणाची."

मी त्यांना आंघोळ घालते. जेवण भरवते. रात्री ते दचकून ओरडतात तेव्हा उशाशी मी असते. आणि त्यांना नजर हवी आहे ती तुझी. लिहायचं नव्हतं हे. लिहून गेलं.

तुझी पत्रिका मी त्यांना वाचून दाखवली. मला वाटलं, आता तरी चिडतील. ते म्हणाले, "उद्घाटन-बिद्घाटन नाई मनून कळव. माझं नाव काढ मना. पण त्याले एकट्याले बलाव. मादी आत बसाच्या आधी मले सांग मना, कशी दिसते ते."

मी म्हटलं, "बाबा, तो नाही यायचा."

"तू लिहून त पाय. तुझ्या हातचं आलं त येईन."

म्हणून लिहिलं. माझ्या मनात असतं तर पत्रिका चुलीत गेली असती.

रविवारी सकाळी ये. एकटा. कॅमेरा आणू नको. फोन घराबाहेर ठेव. चहा देईन, कारण दिला की नाही ते बाबा विचारतील. माझ्याशी बोलायचा, रडायचा, पाया पडायचा प्रयत्न करू नको. त्यांचा हात धर, झाडापर्यंत ने, आणि जे दिसेल ते खरं सांग. काहीच दिसलं नाही, तर काही नाही म्हणून सांग. खोटं बोलून त्यांना खूश केलंस तर मला कळेल.

आणि आला नाहीस, तर मी त्यांना सांगणार आहे की पत्र तुला मिळालं होतं.

बाबांची मुलगी,
दिव्यानी