ताप-कोठडीतली जुडी

३ जून, मंगळवार

पोहोचलो एकदाचे! बोटीने माझ्या लेकीला, मेलाइयाला, दोनदा ओकायला लावलं आणि मला एकदा, तरी धक्क्यावर पाय ठेवताच पोरीचा पहिला प्रश्न, आइसक्रीम कुठे मिळतं? सात वर्षांची आहे, तिचं बरोबरच आहे. वाइतोवू बेट म्हणजे एक रस्ता, दोन दुकानं, एक चर्च आणि हे वाचनालय. राजधानीत, सुवातल्या आमच्या गल्लीत याहून जास्त माणसं राहतात. गोऱ्यांच्या राज्यातल्या औषधपाण्याचं प्रदर्शन मला इथे मांडायचंय. इमारत मूळची त्या काळच्या इस्पितळाचीच, आणि आमची खोली तिच्या मागच्या अंगाला.

वाचनालयाचे प्रमुख इसीमेली. त्यांचं नि माझं गाव एकाच पूर्वजाचं निघालं, म्हणजे एकमेकांची टर उडवायचा दोघांना हक्कच. म्हणाले, तुमच्या गावचे लोक मासे पकडायला जातात नि दुकानातला माशांचा डबा घेऊन परत येतात. मी म्हटलं, तुमच्याकडे तो डबा उघडायलाही शेजारी बोलावतात. झाडलोट करणारी नेई उनाइसी, सगळ्या गावाची मावशी, इतकी हसली की झाडू हातातून पडला.

रीतीप्रमाणे मी यांगोनाच्या, म्हणजे कुटून पाण्यात कालवून पितात त्या, मुळ्यांची जुडी पुढे ठेवून आत यायची परवानगी मागितली. इसीमेली चहाचा कप शोधत होते, म्हणून त्यांच्या वतीने नेईनेच ओंजळीने तीन खोल टाळ्या वाजवल्या, तिसरी वाजली की होकार पक्का, नि या म्हटलं. मेलाइया मात्र पाय पसरून बसली होती. सुवाच्या पोरांना बसायचंसुद्धा शिकवत नाहीत का गं, असं इसीमेलींनी मला ऐकवलं. ऐकून घेतलं, कारण खरंच शिकवलेलं नाही.

५ जून, गुरुवार

दिवसभर पेट्या उघडल्या. देवीची लस टोचायच्या सुया, इनॅमलची भांडी, लोखंडी खाट, ताप मोजायच्या काचेच्या नळ्या. एका पत्र्याच्या डब्यात मात्र यांगोनाची जुडी निघाली, काळी पडलेली, केवड्याच्या पातीने बांधलेली. वर चिठ्ठी, गोऱ्या डॉक्टरच्या अक्षरात: देशी औषध, गुण नाही.

मला हसूच फुटलं. अरे शहाण्या, औषध कसलं? कुणीतरी तुझ्या दाराशी रीतीने बसलं आणि तू साधी टाळीही वाजवली नाहीस! शंभराहून जास्त वर्षं ताटकळत ठेवलंस. माझे हात तर डोक्याआधीच जुळले. लहानपणापासूनची सवय आहे, समोर जुडी दिसली की ओंजळीची टाळी वाजतेच. तीन वाजवल्या आणि बाबा म्हणतात तसं म्हटलं, या, घर तुमचंच आहे, हवे तितके दिवस राहा.

फार बरं वाटलं. जुडी काचेच्या कपाटात मांडली.

७ जून, शनिवार

मेलाइया चटईवर झोपते. पलंग मावशीला दिलाय म्हणे. कुठल्या मावशीला, तर ती सांगत नाही. पाहुण्याला पलंग देणारी पोर, म्हणून मी तिला शाबासकी दिली. दुपारी तिने दालोचे उकडलेले कंद नि मासे तीन ताटल्यांत वाढले. आम्ही दोघीच होतो.

माझं मन मात्र कशातच लागत नाही. ती लोखंडी खाट पाच वेळा हलवली नि पाच वेळा जागेवर आणली. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कुठे जायचं ते कळत नाही.

९ जून, सोमवार

मेलाइयाला ताप. अंगभर बारीक लाल पुरळ. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, गोवरच वाटतोय, पण हिला दोन्ही लसी दिल्यात, आणि तपासणीतही काही नाही. पुन्हा पाहिलं, पुन्हा नाही.

भरदुपारी प्रदर्शनातल्या खाटेवरच्या कांबळ्याला हात लागला. आताच कुणी उठून गेल्यासारखं गरम होतं.

१० जून, मंगळवार

डॉक्टरची टिपणवही सापडली. त्याने लिहिलंय: ताप-कोठडीत कोंडलेली गोवराची बाई आज माझ्यापुढे मुळ्या ठेवून बसली. मान खाली घालून काहीतरी मागत होती. दुभाष्या म्हणतो, पोरीला घेऊन घरी जायचंय. परवानगी नाकारली. मुळ्या नमुना म्हणून ठेवून घेतल्या.

तीनदा वाचलं. पुढची पानं ओलीने चिकटलीत, सुटत नाहीत.

११ जून, बुधवार

नेईला सगळं सांगितलं. तिने हातातला झाडू बाजूला ठेवला. म्हणाली, अगं बये, यायला मुळी ठेवतात तशी निघतानाही ठेवतात ना! ती निरोप मागत होती नि तू तिला राहा म्हणालीस. आता ती तुझी पाहुणी. तू जा म्हटल्याशिवाय ती उठायची नाही.

माझीच चूक. शिकलेली, रीतभात जाणणारी मी! मेलाइयाचा ताप एकशे चार. बोट शनिवारी येणार.

१२ जून, गुरुवार

दुपारी वाचनालय बंद ठेवायला लावलं. जुडी बाहेर काढली, खाटेसमोर बसले, तीन टाळ्या वाजवल्या. म्हटलं, बाई, चुकलं माझं. निरोप दिला. तुझी पोर घेऊन सुखाने जा.

जुडी परत कपाटात ठेवली, कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात आहे.

१३ जून, शुक्रवार

ताप उतरला! पुरळ नाही, काही नाही. पोर दोन रोट्या खाऊन तिसरी मागते. मी रडले. उद्या दहाला उद्घाटन, आणि उद्याच्याच बोटीने परत.

दुपारी — चिकटलेली पानं सुटली. वाफेवर धरली होती. सुटायलाच नको होती.

लिहिलंय: पोर काल दगावली. मागच्या आवारात पुरली. आईला सांगितलं नाही, सांगितलं तर कोठडीत गोंधळ होईल. आई अजून तिची वाट पाहते. आठवडाभरही काढायची नाही.

तिला माहीतच नाही. आपली पोर गेली हे तिला कुणी सांगितलंच नाही. आणि मी तिला म्हटलं, तुझी पोर घेऊन —

चटईवर कोण निजलंय ते ती पलंगावरून रोज बघत होती.

१४ जून, शनिवार, सकाळ

नेईला बोलावणं धाडलंय. ती पलीकडच्या वस्तीवर गेलीय. बोट दिसतेय.

मेलाइया आत आली. धावत नाही. चटईच्या कडेला पाय दुमडून, मान खाली घालून बसली. पुढे काळी जुडी. किल्ली माझ्या गळ्यातच आहे.

बोलतेय. माझ्या पणजीच्या बोलीत. हिला मी ती कधी शिकवली नाही. खाल्लं-प्यायलं त्याचे आभार. आम्ही दोघी निघतो. निरोप द्यावा.

मला आई म्हणत नाहीये. घरच्या बाई म्हणतेय.

माझे हात वर आले — आपोआप — म्हणून पेन धरलंय. एका हातात पेन, एकात वही. लिहीत राहिले तर टाळी वाजणार नाही. लिहीत राहायचं. काहीही. दालो. चहा. मेलाइया वाइतोवू मेलाइया

तिला म्हटलं, तुझी पोर मागच्या आवारात आहे, ही नाही, ही माझी — ऐकत नाही. वाट बघतेय. अगदी आदबीने.

इसीमेली दारात. पाहुणे जमले म्हणून बोलवायला आले. तिला बसलेली पाहून थबकले. खूश झालेत. शाबास म्हणतात, सुवाच्या पोरीला आली की गं रीत!

मी नको म्हणून ओरडले. हसतायत. त्यांना वाटतं मी टर उडवतेय —

इसीमेली खाली बसले. म्हणतात, तुझ्या आईचे हात रिकामे नाहीत, तिच्या वतीने मीच —

पेन सोडलं तर माझेच हात —

एक.

दोन. मेलाइया उठतेय, कुणाचा तरी हात धरून उठावं तशी, मेला