झेंड्याचं तांबडं कापड

दादा,

इथल्या स्वातंत्र्यदिनाला मी बाल्कनीत झेंडा लावल्याचा फोटो बघून तू वहिनीला म्हणालास, "हिला परक्यांचा भलताच पुळका आलाय."

हो, आलाय. पहिल्या वर्षी मी तो उलटा लावला होता. खालची म्हातारी जिना चढून आली. वाटलं, आता बोलणी खावी लागणार. तिने स्टूल धरलं आणि म्हणाली, "चढ, सरळ करू."

नवऱ्याचा मार खाऊन, लेकीला कडेवर घेऊन मी तुझ्या दारात उभी होते, तेव्हा तू आतून कडी घातलीस.

हे पत्र मी पाठवणार नाही. झेंड्याचा जवळून काढलेला फोटो मात्र पाठवीन. यंदा तो मीच शिवलाय. तांबडं कापड तू ओळखशील. लग्नात तू दिलेला शालू अखेर सत्कारणी लागला.

तुझी, तरीही,
धाकटी