मेण न धरणारी जागा

६ जानेवारी, सोमवार

पोचलो एकदाचे डिचोलीला. आजपासून मी इन्चार्ज! मोपाच्या विमानतळावर दोन वर्षं लोकांच्या बॅगांमागे फरशी पुसली, तेव्हा कुठे हे पद नशिबी आलं. जागा म्हणजे एका खाण कंपनीचा जुना दवाखाना, बारा वर्षं कुलपात पडलेला. आता इथे नर्सिंगचं कॉलेज होणार आहे. एक मोठा हॉल, सहा खोल्या, सगळीकडे व्हिनाइलच्या टाइल. जुनं मेण काढायचं, नवं चढवायचं. वीस तारखेला उद्घाटन. राहायला मागची कंपाउंडरची खोली मिळाली आहे, जनेल उघडलं की काजूची झाडं दिसतात.

माझ्या हाताखाली कामगार एकच, माझा नवरा दत्ताराम. खाणी बंद झाल्यापासून त्याने मिळेल ते काम केलं, पण टिकला कुठेच नाही. काम सुटलं की आठ-आठ दिवस भिंतीकडे तोंड करून निजतो. आमच्या कोरगावात शेजारीपाजारी काय बोलतात ते मला ठाऊक आहे. या वेळी मीच ठेकेदार साहेबांच्या मागे लागून त्याला लावून घेतलंय. हा माणूस मला परत हवा आहे, बाकी काही नको. टेंपोत त्याने मला दोनदा ‘मॅडम’ म्हणून चिडवलं. इतक्या महिन्यांनी चिडवलं, की मला रागावल्याचं नाटकसुद्धा धड जमलं नाही.

गेटपाशी मात्र तो पाटीवरचं कंपनीचं नाव वाचत थांबला. लग्नाआधी तो याच कंपनीच्या खाणीत होता, हे मला तेव्हा कळलं.

८ जानेवारी, बुधवार

दत्तारामला काम शिकवते आहे. हट्टी आहे, पण हात चांगला आहे. आधी स्ट्रिपर, म्हणजे मेण सोडवायचं औषध, पाण्यात मिसळून फरशीवर ओतायचा आणि दहा मिनिटं अजिबात हात लावायचा नाही. त्या दहा मिनिटांतच औषध मेणात उतरतं. लोकांना धीर नसतो, लगेच मशीन फिरवतात आणि मग घासत बसतात. दहा मिनिटांनी काळ्या पॅडचं मशीन, मग सुटलेला राडा व्हॅक्युमने ओढायचा, दोनदा साध्या पाण्याने धुवायचं. मेण लावताना आतल्या भिंतीपासून सुरुवात करून मागे मागे दाराकडे यायचं, नाहीतर माणूस ओल्या मेणात अडकून बसतो. हे सांगितल्यावर त्याने विचारलं की तू कधी अडकलीस का. अडकले होते, पहिल्याच आठवड्यात, पण मी सांगितलं नाही.

हॉलमधून निघालेला राडा लालभडक आहे. खाणीची माती असणार. पाच बालद्या ओतल्या तरी रंग फिका होत नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

हॉलला मेणाचे दोन हात दिले. सगळीकडे छान चकाकी आली, फक्त मधोमध तीन जागा कोऱ्या राहिल्या. तिथे मेण धरतच नाही, कडेला सरकून जातं. तिन्ही जागा एकीशेजारी एक, सारख्या अंतरावर, साडेपाच फूट लांब. वरच्या बाजूला गोल, मग रुंद, मग निमुळत्या.

तेलकटपणा असेल म्हणून तेवढाच भाग पुन्हा धुतला. तिसरा हात दिला. तरी तेच. आकार कशाचे आहेत ते मी लिहीत नाही. दत्तारामने बघितले आणि जेवायचं नाही म्हणाला.

११ जानेवारी, शनिवार

जयरामकाकांना विचारलं. हे इथले वॉचमन, दवाखाना चालू होता तेव्हापासूनचे. आधी टाळत होते. मग एकच बोलले, “बाये, थंय मेण धरना.” पुढचं त्यांनी पायरीवर बसून, माझ्याकडे न बघता सांगितलं.

सोळा वर्षांपूर्वी खाणीचा कडा कोसळला. तीन कामगार गाडले गेले, तिघंही सिंधुदुर्गातले. काढून इथे हॉलमध्ये आणून निजवले. दुसऱ्या दिवशी मोठे लोक पाहणीला यायचे होते, म्हणून कंपनीच्या माणसाने फरशी चकचकीत करून ठेवायला सांगितली. जयरामकाकांनी विचारलं, यांना हलवू कुठे? तो म्हणाला, हलवू नको, बाजूबाजूने लाव. आणि काकांनी बाजूबाजूने मेण लावलं. तीन मेलेली माणसं मध्ये, हे गुडघ्यांवर सरकत भोवताली मॉप फिरवतायत. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

नावं विचारली. महादेव, धाकू, सगुण.

१२ जानेवारी, रविवार

सुट्टी. दत्ताराम दुपारी खोलीत नव्हता. हॉलमध्ये होता, त्या तीन जागांच्या शेजारी उताणा झोपलेला. मी ओरडले तर म्हणाला, “हय थंडगार वाटता गो.”

मग रडला. सोळा वर्षांत मी त्याला असा रडताना पाहिला नव्हता. कडा कोसळला त्या दिवशी खाणीवर पाळी त्याची होती. त्याने महादेवला गळ घातली आणि पाळी बदलून घेतली, कारण त्याला कोरगावला मुलगी बघायला यायचं होतं. मला बघायला. आमच्याकडे पोहे खाऊन, पसंत आहे म्हणून तो परत गेला तेव्हा महादेव इथे पडलेला होता. महादेवच्या आईला भेटायला तो एकदाही गेला नाही. ते आठ-आठ दिवस भिंतीकडे तोंड करून निजणं कशाचं, ते आज कळलं.

मी ठरवलंय. या जागेचा काहीतरी बंदोबस्त करायचा, आणि करायचा तो रीतीने.

१३ जानेवारी, सोमवार

आज गाऱ्हाणं घातलं. जागेच्या राखणदार देवाला नारळ, विडा, पोदेराकडचे पाव आणि फेणीची बाटली. जयरामकाका गाऱ्हाणं बोलले. हॉलच्या दारात आम्ही तिघंच. नावं मी कागदावर लिहून दिली होती, पण काकांचा चष्मा घरी राहिला, म्हणून मी मागे उभी राहून एकेक नाव त्यांच्या कानात सांगत होते. महादेव, धाकू, सगुण. आणि मला घाई. त्या तिघांसाठी मागून झालं की दत्तारामसाठी मागायचं होतं, याला सांभाळ म्हणून, तर मी न थांबता त्याचंही नाव सांगून टाकलं. काकांनी चारही नावं एका दमात घेतली आणि म्हणाले की बा म्हाराजा, ही तुझी लेकरां, हेंका पदरात घे, हेंका हेंच्या जाग्यावर बसव.

मी तोंड उघडेपर्यंत दत्ताराम हात जोडून “व्हय म्हाराजा” म्हणून मोकळा झाला होता.

काकांना लगेच सांगितलं, दत्तारामचं नाव त्या तिघांत गेलं म्हणून. ते म्हणाले, देवाला आपल्या मनातलं कळतं. कळतच असेल.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. मेण धरलं! तिन्ही जागांवर, पहिल्याच हातात. हॉल असा दिसतोय की दारातून बघत राहावं. जयरामकाकांनी फरशीला हात लावून नमस्कार केला. मी सगळ्यांना तिळगूळ दिला. दत्तारामने चार पाव खाल्ले आणि मॉप नाचवत मला हसवलं. वाटलं, आला परत माझा माणूस.

१५ जानेवारी, बुधवार

तिसऱ्या, सगुणच्या जागेपलीकडे नवीन जागा. वीतभर, दोन. टाचा आणि चवडे, बोटं वर. काल तिथे चार हातांची चकाकी होती.

दत्ताराम म्हणतो बालदी सांडली असेल. पाय गार पडलेत म्हणून मोजे घालून निजलाय.

१६ जानेवारी, गुरुवार

त्याच्या पायांवर पाणी ठरत नाही. आंघोळीच्या वेळी बघितलं. घोट्याखाली थेंब होतात आणि घरंगळून जातात. कातडी चकाकते. नखाने खरवडलं तर नखात पांढरी पापडी आली. वास ओळखीचा, रोज हातांना येतो तोच.

जयरामकाकांकडे धावत गेले. त्यांचा चेहरा उतरला. गाऱ्हाण्यात गेलेला शब्द त्यांच्याच तोंडून मागे यायचा नाही, देवळाचा मानकरी, गावकार हवा. तो परगावी आहे. सोमवारी येईल.

दत्तारामला कोरगावला पाठवलं, माझ्या बहिणीकडे. बसमध्ये बसेपर्यंत उभी राहिले.

१७ जानेवारी, शुक्रवार

जागा गुडघ्यापर्यंत आली. तो इथे नसताना.

बहिणीला फोन केला. म्हणते भावोजींचे पाय गुडघ्यापर्यंत बर्फ झालेत, डॉक्टरला काही कळत नाही. मी साहेबांना सांगितलं, हे काम सोडते. ते म्हणाले सोमवारी उद्घाटन आहे, वेड लागलंय का.

पूर्ण हॉल पुन्हा स्ट्रिप केला, एकटीने. लाल. नुसतं लाल.

१८ जानेवारी, शनिवार

सकाळच्या पहिल्या बसने तो परत आला. पाय ओढत. सरळ मॉप घेतला. काढून घेतला तर म्हणाला की महादेवने सोळा वर्षं त्याची पाळी केली, आता पुरे.

खोलीला कडी लावली. दारात खाट टाकून मी.

जागा कंबरेपर्यंत आली आहे—

१९ जानेवारी, रविवार. सकाळ

पोदेराच्या भोंग्याचा पोंपों ऐकून बाहेर गेले. दोन पाव घेतले. एवढाच वेळ. एवढाच.

तो तिथे आहे. बरोबर मापात.

ओढला. हलत नाही. पाठ आणि फरशी यांच्यात मेण खरवडायचं पातंसुद्धा जात नाही. अँब्युलन्सला फोन केला, निघाली म्हणतात. जयरामकाका गेटवर उभे राहिलेत, आत पाऊल टाकत नाहीत, मोठ्याने देवाचं नाव घेतायत.

भोवती स्ट्रिपर ओतलाय. दहा मिनिटं. धीर धरायचा. म्हणून लिहितेय, नाहीतर ओरडेन.

दहा झाली. पातं घातलं. मेण नाही सुटत, सुटतं ते—

नको. पुन्हा नाही घालत. त्याला दुखलंही नाही. माझ्याकडे बघत होता.

पुन्हा ओतलंय. आणखी दहा मिनिटं. छातीपर्यंत चकाकतोय. मी त्याला सांगितलं, तू मला बघायला आलास यात पाप नाही, मी त्या दिवसाची एक घटकासुद्धा परत देणार नाही, कुणालाच. तो हसला. मॅडम म्हणाला.

माझे गुडघे सुटलेल्या ओल्या मेणात. दाराकडून सुरुवात केली मी, घाईत. आत आले. गुडघे उचलायला जड जातायत, पण अजून उचलतात. उठले तर जाईन बाहेर.

उजवा हात त्याच्या हातात आहे म्हणून अक्षर असं. डाव्याने लिहितेय. त्याची बोटं गार होत चाललीत. सोड म्हणतो, आत्ताच सोड, कमळे, मग सुटायचा नाही. ओठ हलतात, आवाज नाही. गाडीचा आवाज येतोय का— येतोय— लांब आहे अजून

सोडला तर वाचेन, मला कळतंय, सगळं कळतंय, पण तो एकटा तिथे त्या तिघांत, आणि मी बाहेर उभी राहून— नाही रे, दत्ताराम, मी हात