परळातला सरू

१७ जानेवारी ५६

"रडू देजो तिले, पण एकटीले रडू देऊ नको." सुमाचं हे वाक्य आज दिवसभर कानात आहे. शेवटच्या दुखण्यात आपली तान्ही नली माझ्या मांडीवर देताना म्हणाली होती. माझी धाकटी बहीण, पण हुकूम मोठीसारखा. नली आता नऊ वर्षांची.

नलीचे वडील आले आहेत, मधुकरराव. देहरादूनला जंगलखात्यात असतात. दिवाळीनंतर दुसरं लग्न केल्याचं पत्रानं कळवलं होतं. आज जेवताना म्हणाले, "मे अखेर नलीला नेतो, ताई. तिचं घर आता तिकडे आहे." हे म्हणाले, "बरोबर आहे." मीही म्हणाले, बरोबर आहे. मग ताक आणायला आत गेले आणि बराच वेळ आतच.

१८ जाने.

म.रावांनी नलीसाठी झाड आणलंय. डब्यात, ओल्या गोणपाटात गुंडाळून. रोपवाटिकेतलं लहान पोर, काटेरी-मऊ पानांचं. जुनिपर म्हणतात. डोंगरातलं, थंडीतलं. जपानी लोक अशा झाडाला छाटून, तार गुंडाळून वळण देतात, उथळ कुंडीत ठेवतात. म्हातारं होतं, पण हातभरच राहतं. बोन्साय. आत्याबाई (माझ्या सासूबाई) डोळ्यांवर हात धरून पाहत होत्या. "हे तं सरूचं पिल्लू दिसते."

म.राव नलीला म्हणाले, "हे इथे रुजलं की समज, तूही तिकडे रुजशील."

तिनं डबा उचलला, तुळशीजवळ नेऊन ठेवला. दुपारच्या मोटारीनं ते अकोल्याला गेले.

२ फेब्रु.

आज छाटणी केली. माझ्या भरतकामाच्या कात्रीनं. खोड दिसलं पाहिजे, एवढंच म.राव सांगून गेलेत. कोणती फांदी ठेवायची, कोणती काढायची, ते कळेना. एक कापली तर शेजारची उघडी पडली, म्हणून तीही. अर्धं झाड परातीत. वास फार छान, औषधी.

नली : "त्याले दुखत असन का?"
म्हटलं, नाही. कशावरून म्हटलं कोण जाणे.

११ फेब्रु.

डब्यातून काढून परळात, म्हणजे मातीच्या उथळ थाळीत, लावलं. कुंभाराकडून परळ मुद्दाम मोठा आणला, बुडाला भोकं पाडून घेतली. मुळं मोकळी करायला सकाळ गेली, नलीचे केस विंचरावेत तशी. वाळू मिसळून माती केली होती. तेवढ्यात आ.बाई पदरात काळी माती घेऊन हजर. माहेरच्या, किन्हीराजाच्या वावरातली. देव्हाऱ्याखाली जपून ठेवलेली. "आमच्या वावरात दगड पेरला तरी उगवते. तुह्या वाळूत काय हाये?" आणि दोन्ही हातांनी वरून दाबलीच. नाही कसं म्हणू? माहेरची माती आहे.

१९ फेब्रु.

तार गुंडाळली. कापसाच्या जिनातल्या जळक्या विजेच्या मोटारीची तांब्याची तार यांनी मिस्त्रीकडून आणली. चुलीत लाल केली, निवू दिली, की दोऱ्यासारखी मऊ. आधी खोडाशी अडकवायची, मग तिरकी तिरकी फांदीवर चढवत न्यायची. नली फांदी धरून, मी तार फिरवते आहे.

आ.बाई : "झाडाले बेड्या घालून राह्यली का वो सूनबाई?"
नली : "बेड्या नाही आजी, तोडे हायेत. तुह्यासारखे."
"माह्या तोड्यानं माहा पाय नाही वाकडा झाला!"
"आजी, तुहा पाय वाकडाच हाये."
आ.बाई इतक्या हसल्या की खोकला लागला.

मग फांदी धरल्या धरल्याच नलीनं विचारलं, "तिकडच्या बाईले काय म्हनू?"
"आई म्हण."
"मंग तुले मावशी काहून म्हनतो मी? तुले तं कधीच आई म्हनू नाही देल्लं."

मीच शिकवलं तिला मावशी म्हणायला. आई हा शब्द सुमासाठी जपून ठेवला होता. आता घेणारी तिसरीच. तार जरा जास्त आवळली गेली माझ्याकडून. सैल केली.

६ मार्च

झाड सुंदर दिसतं आहे. खरंच. फांद्या खाली उतरल्यात, खोडाला बाक आलाय. नली म्हणते, "वाऱ्यात उभं असल्यावानी वाटते." वारा तर कुठेच नाही.

एक विचार आला. हे रुजलं, तर मीच तिला पाठवायची तयारी केली असं होईल. आणि मेलं तर
नको.

३० मार्च

होळी झाली. ऊन आतापासूनच कडक. आज एक गंमत उघडकीला आली. मी सकाळी परळात पाणी घालते. आंघोळ करून आ.बाई तुळशीला घालतात तेव्हा उरलेला तांब्या सरूला. आणि नली शाळेतून आल्यावर, गुपचूप. तिघींनाही वाटत होतं, बाकीच्या विसरतात.

मी म्हटलं, आत्याबाई, इतकं नको. तर म्हणतात, "तुळस पेते अन् हे पाहत राह्यते, बरं दिसते का? पावन्याले उपाशी ठेवू?"

हसलो आम्ही तिघी. माती बोटानं दाबून पाहिली. चिखल होता. कुजका वास आला.

१४ एप्रिल

पाणी थांबवलंय, सावलीत हलवलंय. झाड हिरवं आहे, पण रंगावर धूळ बसल्यासारखी. पुसून पाहिलं, धूळ नाही. म.रावांना सगळं लिहिलं. छाटणी, परळ, तार, पाणी.

२६ एप्रिल

उत्तर आलं. "खोडाची साल नखानं जराशी खरवडा. आत ओलं हिरवं असेल तर जिवंत. हे झाड मेल्यावरही पुष्कळ दिवस हिरवं दिसतं." आणि खाली : "पण ताई, छाटणी, नवी कुंडी आणि तार, एकाच महिन्यात? एका वर्षी एकच करायचं असतं. बाकीच्याला पुढच्या वर्षापर्यंत थांबायचं. मी सांगायला हवं होतं."

नली परीक्षेला गेली होती. खरवडलं. आत तपकिरी, कोरडं. खाली खरवडलं, तिथेही तेच. फांदी मोडून पाहिली, काडीसारखी मोडली.

कदाचित आम्ही तार गुंडाळत होतो तेव्हाच ते मरत चाललेलं असेल. आणि आम्ही हसत होतो.

नलीला सांगितलं नाही. ती जाईपर्यंत हिरवं राहिलं तर राहू दे. तिला वाटू दे, रुजलं. जाणं तरी सोपं होईल. लगेच दुसरा विचार : सांगितलं, तर ती हट्ट धरेल, जाणार नाही म्हणेल. दोन्ही विचार माझेच. दोन्हींची लाज वाटते.

३ मे

माझं न सांगणं फुकट गेलं. नली पानं कुरवाळत होती. शेंडा हातातच आला. चुरा.

"मावशी, हे तं हिरवं हाये."
मी जवळ गेले. मोडलेल्या फांदीची जागा तिला दिसली. बोट लावून पाहिलं तिनं. मग सांगितलं मी. गेलंय म्हणून, बरेच दिवस झाले म्हणून.

ती परळाकडे पाहत राहिली.
"मंग मी?"

एवढंच. मी म्हटलं, अगं, तू काय झाड आहेस का? पण माझाच आवाज मला खोटा वाटला. ती रडली, मी बसून राहिले. आ.बाई आल्या, तिच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "माहीच माती जड पडली त्याले." म्हटलं, नाही हो. आपण सगळ्यांनीच सगळं एकदम केलं.

७ मे

नली जेवत नाही नीट. देहरादूनचं नाव निघालं की उठून जाते. काल तारा सोडवल्या. सालीवर वळ राहिलेत.

म.रावांचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. एका वर्षी एकच.

९ मे

म.रावांना पत्र लिहिलं. यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "कोणती बाई येईल? नवऱ्याच्या पहिल्या बायकोच्या बहिणीच्या घरी, तिच्या लेकीसमोर परीक्षेला बसायला? अन् ते पाठवतील का तिला?"

नाहीच पाठवणार. मला माहीत आहे. तरी उद्या टपालात टाकीन. शेवटचा मजकूर उतरवून ठेवते :

"नलीला इथेच राहू द्या असं मी म्हणत नाही. ती तुमची आहे. पण घर, गाव, शाळा आणि आई, सगळं एकाच दिवशी बदलू नका. तुम्हीच लिहिलंत, एका वर्षी एकच. तेव्हा नलीला न्यायला येण्याआधी तुमच्या पत्नींना इथे पाठवा, महिना-दोन महिने. नलीला तिच्याच अंगणात त्यांची ओळख होऊ द्या. वेण्या त्या घालतील, जेवायला वाढतील त्या, रागावतीलही त्या. मी मध्ये येणार नाही. त्यांना परकं वाटू देणार नाही. त्या इथे असेपर्यंत सुमाचं नाव या घरात कोणी घेणार नाही. मीसुद्धा."