नणंदेच्या आतड्याचे तुकडे

४ मार्च
नणंदेच्या आतड्याचे तुकडे आज माझ्या लॅबमध्ये आले. पाठवणारा तिचा भाऊ, म्हणजे माझा नवरा. सोबत त्याचा शेरा — एंडोस्कोपीत सर्व नॉर्मल.

दुपारी डबा खाताना म्हणाला, "आतून काचेसारखं स्वच्छ आहे. तुकडे घेतले ते तुम्हा दोघींची कटकट थांबावी म्हणून." आणि हसला. तिला वर्षानुवर्षं जुलाब, अंगात रक्त नाही, केस मूठमूठ गळतात. रक्ताची तपासणीसुद्धा मी मागे लागून करवली. आणि हा तोंडात घास घोळवत हसतो! त्या घासाकडे बघवेना.

५ मार्च
स्लाइड अजून तयार नाहीत. ह्याच्याशी बोलावंसं वाटत नाही.

७ मार्च
बघितलं. आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात, अन्न तेच शोषून घेतात. इथे काहीच नाही. वस्तरा फिरवल्यासारखं सपाट. दुसरा तुकडा — तेच. रक्ताचा रिपोर्टही हेच म्हणत होता. सीलिअ‍ॅक. गहू न सोसण्याचा आजार. तो गहूच तिला आतून खरवडत होता, आणि हा तिला हवापालट कर म्हणून सांगत होता.

केबिनमध्ये जाऊन सांगितलं. "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय," म्हणाला. म्हटलं, कॅमेऱ्यात ठीक दिसलं तरी आत बिघाड असू शकतो, म्हणून तर तुकडे घ्यायचे. हे तुला मी शिकवू?

त्याने दार लोटून घेतलं. "जरा 'संदिग्ध' लिही ना. मी हळूहळू सांगतो तिला. इतकी वर्षं मनाचे खेळ म्हणत आलो, आता एकदम... माझी काय किंमत राहील?"

बहीण आतून सोलली गेलीय, आणि ह्याला स्वतःच्या अब्रूची पडलीय. शिसारी आली.

८ मार्च
सही केली. दिसलं तेच लिहिलं. खाली नेहमीची ओळ — सख्ख्या भावंडांचीही तपासणी करावी.

९ मार्च
नणंद आली. रिपोर्ट मीच समजावला. तिने एवढंच विचारलं, "म्हणजे मी नाटकं करत नव्हते ना, वहिनी?"

"नाही गं."

रडली नाही. पर्समधला बिस्किटांचा पुडा काढला, मेलेलं झुरळ सरकवावं तसा एका बोटाने दूर सरकवला. "दादाला सांग, मला फोन करू नकोस म्हणावं."

सांगितलं. हा पोटभर जेवला, बोटं चाटली, ढेकर दिला. मी बाहेरच्या खोलीत अंथरूण टाकलं.

११ मार्च
अबोला. त्याचा टॉवेलसुद्धा चिमटीत धरून बादलीत टाकला.

१५ मार्च
आजच्या स्लाइडवर ह्याचं नाव. मला न सांगता दुसऱ्या डॉक्टरकडून दुर्बीण घालून घेतली. त्यांचाही शेरा — सर्व नॉर्मल.

सपाट.

बाहेर बाकावर बसलाय, पेशंट बसतात तिथे. शेजारी नणंद. त्याचा हात तिच्या हातात. मला उठून सांगायला जायचंय.