गोड मिरचीचं बी

आई, गोड मिरची असते असं तुला कुणी सांगितलं असतं, तर तू त्याला वेड्यात काढून आपल्या कामाला लागली असतीस. पण असते. दोन वर्षं झाली, मी माडीवर, उघड्या गच्चीत लावते. ऊन चांगलं, खाली अंगण उरलं नाही, म्हणून कुंड्या-बिंड्या अस्कं वरच चाललंय. ही मिरची केळ्यासारखी लांब, पिवळट, अंगानं गुबगुबीत. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी म्हटलं, ही तर बज्जी मिळगाय, राजवाड्याच्या दाराशी संध्याकाळी गाडीवर बेसनात बुडवून तळतात ती. नात म्हणाली, नाही आजी, ही वेगळी, ही नुसती खायची काकडीसारखी. नात म्हणजे माझ्या मुलाची मुलगी, तू गेलीस तेव्हा पोटात होती. आता बेंगळूरला नोकरी करते. मी मराठीत बोलते, ती तमिळमध्ये उत्तर देते, आणि भांडण अगदी बेश होतं. पोंगलला आली तेव्हा बियांचं पाकीट घेऊन आली. मला साडी आणायची तर मिरचीचं बी आणलंन्, म्हणून मी आधी थोडी फुगून बसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बी लावायला काथ्याचा भुसा भिजत घातला.

रोप केवढं नाजूक असतं, विचारू नकोस. दोन पानं येतात आणि आपल्याकडे बघत बसतात. पानं मुरडली तेव्हा आंबट ताक पाण्यात घालून शिंपडलं, तू वांग्यांवर शिंपडायचीस तसं. नात फोनवर म्हणाली, "आजी, झाडाला दहीभात पण घाल." मी म्हटलं, तुझ्या कंप्युटरला घाल. फुलं आली, निम्मी उन्हानं गळली, उरलेल्यांना मिरच्या धरल्या. रोज सकाळी कॉफीचा पेला घेऊन मी वर जाते आणि मोजते. काल होत्या तेवढ्याच असतात, तरी मोजते. सून म्हणते, "अत्ते, मोजल्यानं वाढत नाहीत." तिला काय माहीत.

मला तुला सांगायचं आहे ते हे नव्हे. इकडे तिकडे जाते मी, तू म्हणायचीस ना, तिरुवैयारुला निघालीस तर पापनाशमला उतरशील.

तुझं शेवटचं वर्ष. पोटात व्रण झालेला, डॉक्टरनं तिखट बंद केलेलं. आपल्या त्या छोट्या स्वयंपाकघरात तू भिंतीला टेकून बसली आहेस, पुढ्यात दहीभात. मी चुलीपाशी, घरच्यांसाठी ताकातली मिरची तळते आहे. तूच घातलेली, आजारी पडायच्या आधीच्या उन्हाळ्यातली. तेलात पडल्यावर जो वास सुटतो, तो सुटलेला. तू म्हणतेस, "एक दे गं. नुसती जिभेला लावते." मी म्हणते, "आई, लहान मुलासारखं करू नकोस." तू म्हणतेस, "लहान मुलाला दात तरी असतात. मी चावणार कशानं?" मला हसू आलं. हसू आलं तेव्हाच द्यायला हवी होती. पण मी मिरच्यांची जाडी उचलली, ती पिवळी चिनीमातीची बरणी, आणि तुझा हात पोचणार नाही अशी वरच्या फळीवर ठेवली. त्यानंतर तू मागितली नाहीस. जेवताना एकदा वर बघायचीस, आणि मग भात कालवायचीस. वैशाखात तू गेलीस. जाडीत मिरच्या तशाच होत्या. त्या आम्ही वर्षभर खाल्ल्या, आई. मीही खाल्ल्या.

आणि पुढे काय, तर दर वैशाखात तुझी तिथी येते, आणि आपल्यात श्राद्धाच्या स्वयंपाकाला मिरची चालत नाही. मिरे वाटून घालायचे. एका वर्षी मी भीतभीत भटजींना विचारलं, पानाच्या कडेला एक ताकातली मिरची ठेवली तर. ते म्हणाले, "अम्मा, विधीत मिरची नाहीच." वडा आहे, पायस आहे, सात भाज्या आहेत, आणि तुला जे हवं होतं तेवढंच नाही. मेल्यावरही तुझं पथ्य काही सुटलं नाही.

म्हणून पहिल्या वर्षी ती पिवळी मिरची तोडून खाल्ली आणि जिभेला काही म्हणजे काही झोंबलं नाही, तेव्हा मी माडीवर एकटीच उभी राहून हसले. म्हटलं, ही मी आईला देऊ शकले असते. ताकात घालायचं ठरवलं. तुझीच रीत: उभी चीर, मीठ, दाट आंबट ताक, दिवसा ऊन, रात्री परत ताकात. तिसऱ्या दिवशी सगळ्या बुळबुळीत, पाचव्या दिवशी बुरशी. हिचं अंग जाड, पोटात पाणी, आपल्या मिरचीसारखी पातळ कातडी थोडीच आहे. सूपभर मिरच्या फेकल्या. पुढच्या खेपेला आधी मीठ लावून एक अख्खा दिवस उन्हात मलूल केल्या, मग ताक दाखवलं. तेव्हा जमल्या. तळल्या, दहीभाताबरोबर खाल्ल्या. खारट, आंबट, कुरकुरीत. आणि काहीतरी नव्हतं. तू असतीस तर एक घास खाऊन म्हणाली असतीस, "हं, वडाम चांगलं झालंय," म्हणजे मिरची नव्हे, सांडगाच. मी ते मनावर घेतलं नाही. पथ्याची मिरची मिळाली, यातच मी खूश होते.

पहिलं उत्तम फळ खायचं नाही, बी धरायचं, हे तुझंच. मी दोन मिरच्या झाडावर लालबुंद होऊ दिल्या, बी काढलं, राखेत घोळवून फडक्यात बांधलं. यंदा तेच लावलं. दिसायला मिरच्या तशाच आल्या, काही जराशा बारीक. नात सुट्टीवर आलेली, तिनं ऐटीत एक तोडली आणि कचकन चावली. डोळ्यांतून धारा, नाकातून धारा. "आजी, ही गोड?" मी ताक आणायला धावले. नंतर तिनंच फोनवर शोधलं. मी कुंड्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या ना, गोड मिरचीच्या मांडीला मांडी लावून आपली रोजची तिखट. मधमाशांनी इकडचं तिकडे केलं. पहिल्या वर्षी फळ गोडच राहिलं, पण बियात तिखट जाऊन बसलं. "पुढच्या वेळी पाकीट विकत घे," नात म्हणाली, "आणि या टाकून दे, कुठली तिखट निघेल सांगता येणार नाही." मी हो म्हटलं, आणि सगळ्या मिरच्या ताकात घातल्या. वाळल्यावर सगळ्या एकसारख्या दिसतात.

परवा तुझी तिथी झाली. मिरे घालून, सगळं रीतसर. काल कुणी नव्हतं घरात. मी चार मिरच्या तळल्या, केळीच्या पानाच्या तुकड्यावर दहीभाताचा गोळा ठेवला आणि माडीच्या कठड्यावर नेऊन ठेवला. शेजारी एक मिरची. कावळा आला, मान वाकडी करून बराच वेळ बघत बसला, तुझ्यासारखाच, आणि मग भात सोडून आधी मिरची उचलून नारळावर गेला.

हे मी तू शिकवलेल्या मराठी अक्षरांत लिहिते आहे, सुपात तांदूळ पसरून बोटानं गिरवून घेतलीस त्या. तमिळ शाळेत मी चारच वर्षं गेले, पण ही अक्षरं राहिली. घरात दुसऱ्या कुणाला वाचता येत नाहीत, सुनेला नाही, नातीला नाही, म्हणून भीती नाही. कागद घडी करून बियांच्या फडक्याबरोबर डब्यात ठेवीन.

एकच सांगायचं राहिलं. नैवेद्याचं उष्टं करू नये हे मला कळतं. पण त्या चार मिरच्यांतली तिखट कुठली हे बाहेरून दिसत नव्हतं, आई. मी एकेकीचं टोक चावून पाहिलं. पहिल्या तीन गोड निघाल्या, त्या मी खाल्ल्या. चौथी झोंबली, डोळ्यांत पाणी आलं. ती तुला ठेवली.