भागामावशीचं शिगेचं माप

प्रिय भागामावशी,

काल तुमचा तेरावा झाला. तुम्हाला लिहिता-वाचता येत नव्हतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तुमच्या भावाची पत्रं मीच वाचून दाखवायची आणि उत्तरंही मीच लिहायची. म्हणजे हे पत्रही मीच लिहायचं आणि मीच वाचायचं. तरी लिहिते आहे, कारण काल पंगतीत तुमच्या भावाने एक गोष्ट विचारली आणि आता हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

किसनदादा जवळा बाजारहून आले होते. पायाने अधू माणूस, तुम्ही होता तेव्हा त्यांना कधी येणं जमलं नाही. जेवायला बसण्याआधी म्हणाले, "आक्काचं दुकान कोण्या खोलीत हाय? एकडाव डोळ्यानं बघावं म्हणलं." शेजारच्या सरूबाईने सांगितलं, दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली. दादांना काही कळेना. "मंग पत्रात तर हर खेपेला दुकान बरं चाललंय म्हणून यायचं. लिहायचं कोण?"

मी भाताचं पातेलं घेऊन समोरच उभी होते. मी लिहायची, म्हणून सांगितलं. त्यांनी मला हात जोडले, मावशी! माझ्या बहिणीला तुमचा आधार होता, म्हणाले. मी तशीच पुढच्या पानावर भात वाढत गेले.

आधार म्हणे! तुमचं दुकान बंद कुणामुळे पडलं, हे त्यांना कोण सांगणार? गावातही कुणाला माहीत नाही. मला माहीत होतं, माझ्या सासूबाईंना माहीत होतं, आणि तुम्हाला. त्या गेल्या वर्षी गेल्या. आता तुम्हीही गेलात. उरले मी एकटी.

मी या कनेरगावात सून म्हणून आले तेव्हा मला फार तोरा होता. माझं माहेर वाशिमचं. नाका ओलांडला की वऱ्हाड, इंग्रजाचा मुलूख. तिथे मी मराठी तिसरीपर्यंत शिकलेली, आणि इथे मोगलाईत, निजामाच्या मुलखात, बायकांमध्ये वाचता येणारी मी एकटीच. काहीही निघालं की माझं सुरू, "आमच्या वाशिमला असं, आमच्या वाशिमला तसं." सासूबाई म्हणायच्या, एवढं असेल तर वाशिमचं पाणीही गाडीत घालून आण. मला त्याचं काही वाटायचं नाही.

तुमचं दुकान म्हणजे पुढची खोली आणि भिंतीला टेकवलेली चार-पाच पोती. तांदूळ, गूळ, मीठ, खोबरं, थोडी साखर. आणि तुमची जीभ! गिऱ्हाईक आलं की त्यालाच बोल लावायचा. "काल तर गूळ नेला, खाता का सांडता?" पण गूळ खारट निघाला तर दाखवायच्या आधीच सांगून टाकायच्या, हा नको नेऊ, सणाला पोळी बिघडेल, आठ दिवस थांब. कुठला दुकानदार स्वतःचा माल नेऊ नको म्हणतो? तांदूळ तुम्ही वर्षभर मुरलेलाच विकायच्या. आणि माप भरताना पायलीच्या काठावर थांबायच्या नाहीत. वर शीग चढवायच्या, दाणे कडेने ओघळायला लागेपर्यंत, आणि मगच गिऱ्हाइकाच्या पदरात ओतायच्या. सगळीकडे तसंच मापतात असं मला वाटायचं. खरं सांगायचं तर मी त्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. आमची खरेदी पैशा-दोन पैशांची, पायली कधी लागायची आम्हाला?

मग आमच्या धाकट्या भाऊजींचं लग्न ठरलं. भाताची पंगत उठवायची, तर तांदूळ पोत्याने लागणार. सासूबाईंनी मला भाव विचारायला तुमच्याकडे धाडलं. तुम्ही सांगितलं, रुपयाला तीन पायल्या.

मी नुकतीच पंचमीला माहेरी जाऊन आले होते. तिथे रुपयाला चार पायल्या मिळत होत्या. तिकडचा रुपया कलदार, आपला निजामाचा हाली त्याच्याहून हलका, हे मला ठाऊक होतं. तो फरक मी मनातल्या मनात वजा केला आणि तरी साडेतीन पायल्या निघाल्या. केवढी हुशार मी! दुकानात चार-पाच बायका होत्या. त्यांच्यासमोर मी म्हणाले, "मावशी, वाशिमला साडेतीन पडून राहिली, तुमी तीनच काहून देता? अर्धी पायली कुठं जाते?"

तुम्ही गूळ फोडत होता. मान वर न करता म्हणालात, "तिथलं माप बघितलंस का, बाई? बघून ये, मंग बोल."

मी हसले. भाव सांगता येत नाही की मापावर ढकलायचं, असं काहीतरी बोलले. बायकाही हसल्या. तुम्हाला लागलं असेल, पण तुम्ही गूळ फोडत राहिलात. तुम्ही एरवी कुणाला सोडायच्या नाहीत. त्या दिवशी मला का सोडलंत? दोन शब्द सुनावले असते, पायली माझ्यासमोर आपटून दाखवली असती, तर पुढचं काही झालंच नसतं. हा राग माझ्या मनात अजून आहे. स्वतःचा दोष तुमच्यावर ढकलते आहे, कळतं मला.

आमचे हे गाडी घेऊन वाशिमला गेले. आळीतल्या चार घरांनीही माझ्या शब्दावर आपापला तांदूळ आणायला पैसे दिले. येताना पोती कडब्याखाली दडवून नाक्यावरची जकात चुकवली, त्यात ह्यांचा जीव अर्धा झाला. पण तांदूळ बघून मी खूश. पांढराशुभ्र, नवा, चमकणारा. मी शेजारणींना ओंजळ भरभरून दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई आणि मी तो घरच्या पायलीने मापून घ्यायला बसलो. सासूबाई आपल्या सवयीने शीग चढवून मापत होत्या. तांदूळ संपला आणि माप कमीच भरलं. पुन्हा मापलं, पुन्हा तेवढंच. ह्यांना कारण न सांगता विचारलं तर म्हणाले, दुकानदाराने माझ्यासमोर मापलं, दर पायलीवर लाकडी पट्टी फिरवून. तशी पट्टी फिरवून मी मापायला घेतलं. बरोबर भरलं, दाणाही कमी नाही. त्या दुकानदाराची काही लबाडी नव्हती, तिकडची रीतच सपाट मापायची. माझं सगळं बालपण तिथे गेलं आणि मला ती रीत आहे हेच ठाऊक नव्हतं.

मग मी शिगा मापून बघितल्या. सहा शिगांची एक पायली होत होती, तीन शिगांची अर्धी. म्हणजे तुमच्या तीन पायल्या आणि तिकडच्या साडेतीन, एकच. वर गाडीची खेप, नाक्यावरची धाकधूक, आणि तांदूळ नवा. तुमचा मुरलेला, निवडलेला, दारातला.

सासूबाई म्हणाल्या, "उठ, आताच्या आता जा आन् भागाला सांग. चार बायांसमोर बोललीस, चार बायांसमोरच सांग."

उद्या जाते, म्हणाले मी. आणि मग जे केलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. चार घरांचे वाटे द्यायचे होते. सपाट मापून दिले असते तर घरी जाऊन त्यांनी शिगेने मापले असते, कमी भरलं असतं, आणि माझं हसं झालं असतं. म्हणून मी प्रत्येकीच्या वाट्याला शीग चढवली, आमच्या लग्नाच्या तांदळातून. सासूबाई बघत होत्या. त्यांचे पाय धरले आणि गप्प राहण्याची शपथ घातली. बायका तांदूळ घेऊन गेल्या आणि सांगत सुटल्या, कावेरी खरं बोलत होती, वाशिमला तीच पायली आणि भाव स्वस्त. माझा खोटेपणा मी माझ्याच तांदळाने खरा करून दाखवला!

त्याची शिक्षा लग्नातच मिळाली. दुसऱ्या पंगतीला तांदूळ संपला. वऱ्हाड बसलेलं. परात घेऊन मी कुठे धावले? तुमच्याच दारात.

तुम्ही पायली हातात घेतली. पोत्यात घातली, काठापर्यंत भरली आणि थांबलात. माझ्याकडे बघितलंत. "सपाट देऊ का शिगेनं?"

म्हणजे तुम्हाला सगळं कळलं होतं. आमच्या वाट्याचा तांदूळ कुठे गेला हेही कळलं असेल, तुम्ही काय माप न ओळखणाऱ्या? तेव्हा तुमचे पाय धरायचे होते मी. मी काय बोलले? "शिगेनं." मान खाली घालून. आणि तुम्ही शीग चढवलीत, रोजच्यासारखीच. परात उचलून मी पळाले.

पुढे आळीची रीतच पडून गेली. दर दोन महिन्यांनी कुणाची ना कुणाची गाडी वाशिमला जायची. नंतरची पोती सरळ कणगीत रिकामी व्हायची, कोण मापतंय? एकदा सरूबाई म्हणाली, हा तांदूळ लौकर सरून राहिला. मी म्हणाले, लेकरं वाढली, खाणार नाहीत का. किती सहज बोलले!

तुमची पोती चाराची दोन झाली. मग एक. मग दाराला आतून कडी लागली आणि त्या वयात तुम्ही दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचायला जायला लागलात. बोंडांनी बोटं फाटलेली मी बघितली आहेत, कारण त्याच हातात भावाचं पत्र घेऊन तुम्ही माझ्याकडे यायच्या. दुसरं कोण होतं वाचणारं? पत्रात शेवटी ठरलेलं असायचं, आक्का, दुकान कसं चाललंय? मी वाचायची आणि तुम्ही सांगायच्या, "लिही, बरं चाललंय." मी एकदा थांबले होते, आठवतं? टाक दौतीत बुडवून तशीच बसले. तुम्ही म्हणालात, "लिही गं. त्याला कशाला तकलीफ?" आणि मी लिहिलं. एकदा नाही, दोन वर्षं, माझ्या या हाताने.

तुम्ही तापाने पडलात तेव्हा मी पेज घेऊन आले होते. त्या दिवशी सांगायचंच असं ठरवून आले होते. तुम्ही एक घोट घेतलात आणि म्हणालात, "नवा तांदूळ हाय. आजाऱ्याला जुना द्यावा, हलका पडतो." जुना आणणार कुठून, मावशी? गावात जुना तांदूळ विकणारं एकच दुकान होतं. मी पेज ढवळत बसले. तुम्ही डोळे मिटलेत. ठरवलेलं तसंच राहिलं, आणि दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

मला तुमची माफी मागायची नाही. मागायला उशीर झाला, आणि तुम्ही देऊन मोकळ्या झाल्या असत्या, त्याचीच जास्त भीती वाटते. पण एक वचन देते. किसनदादा उद्या दुपारपर्यंत इथेच आहेत. परवा गाडी वाशिमला निघायची, म्हणून उद्या सकाळी आळीतल्या सगळ्या बायका कुणाला किती तांदूळ पाहिजे ते सांगायला आमच्या अंगणात जमतील. दादांनाही मी तिथे बोलावून घेते. ह्यांनाही आजवर काही सांगितलेलं नाही, तेही तिथेच ऐकतील. मी सगळ्यांसमोर पायली भरून दाखवणार, एकदा सपाट आणि एकदा शिगेने, आणि मग माझ्या तोंडाने सांगणार की भागामावशी खऱ्या होत्या आणि हे मला पहिल्या खेपेपासून माहीत होतं.

त्या विचारतील, मग तीन वर्षं गप्प का बसलीस? मी बहाणा करणार नाही. लाज वाटत होती, एवढंच सांगीन. एका म्हातारीच्या पोटापेक्षा मला माझी लाज मोठी वाटली.

तुमची,
कावेरी